बर्मिंगहॅमचा एक दगड

इंग्लंडमधले बाकीचे आठ दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले. लिहायचंय ते बर्मिंगहॅमच्या एका दगडाबद्दल.

तिथल्या म्युझियम अँड आर्ट गॅलरीत शिरताना स्मृतिशिला दिसते. तिच्यावर कोरलंय, ‘उद्योगाच्या कमाईतून आम्ही कला वाढवतो.’ आणि तो उद्योग होता पालिकेचा! जोसेफ चेंबरलेन १८७३ ते १८७६ इथला महापौर. स्वतः स्क्रूचा कारखानदार, नफा कशाला म्हणतात ते त्याला पक्कं ठाऊक. त्याने खासगी गॅस आणि पाणी कंपन्या विकत घेऊन पालिकेच्या केल्या. गॅस फायद्यात चालला आणि १८८५ साली हे कलादालन उघडलं, तेही गॅस खात्याच्या कचेऱ्यांच्या डोक्यावर. खाली हिशेब, वर चित्रं. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. इतक्या सरळ शब्दांत आपल्या गावाचा अभिमान मी कुठे वाचला नव्हता.

पुढे गॅस १९८६ साली आणि पाणी १९८९ साली खासगी कंपन्यांकडे गेलं. सप्टेंबर २०२३मध्ये खर्च झेपत नाही म्हणून पालिकेने हात वर केले. महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाचे थकलेले दावे आणि फसलेली संगणक प्रणाली ही कारणं खरीच, आणि त्यात पालिकेची चूकही होतीच. पण वर्षानुवर्षं आटत गेलेलं सरकारी अनुदानही तितकंच खरं. शहरातल्या मोठ्या कलासंस्थांचं अनुदान २०२४ला निम्मं झालं, २०२५ला शून्य. त्या दगडासमोर उभं राहून हे आठवलं की पोटात तुटतं.

संध्याकाळी काचेच्या इमारतींमधल्या एका नव्या चौकात पायरीवर बसून टिपणं काढत होते. सुरक्षारक्षक आला. ‘मॅडम, इथे बसता येणार नाही, ही खासगी जागा आहे.’ बोलला अगदी नम्रपणे, त्याच्यावर राग नाही. पण फरशी, बाकं, झाडं, सगळं चौकासारखंच होतं. मग मला परकं कुणी ठरवलं? हा राग अजून उतरलेला नाही.

उठले आणि चेंबरलेनच्या स्मारकाच्या कारंज्यापाशी जाऊन बसले. तिथे कुणी हटकलं नाही. बाटलीत नळाचं पाणी होतं. वेल्समधल्या एलान खोऱ्यातून पालिकेने १९०४ साली आणलेलं, ७३ मैल नुसत्या उतारावरून वाहत येणारं. बिल आता कंपनीचं येतं. वाट मात्र अजून तीच आहे.