कबड्डीसाठी कॉलेज बघताना

बारावी झाली, आता रत्नागिरीत कॉलेज बघतेय आणि मला कबड्डी सोडायची नाहीये म्हणून सगळीकडे आधी जिमखान्यातच गेले. एका ठिकाणी सर म्हणाले मॅट आहे, बघितलं तर कोपऱ्यात गुंडाळलेली, वर बुरशी. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, तेवढी मोकळी जागाच नाही तिथे! आपल्याकडे चार महिने पाऊस, मातीत खेळणार कसं, छप्पर हवंच ना. दुसऱ्या कॉलेजात हॉल साधाच पण संध्याकाळी बारा मुली खरंच प्रॅक्टिस करत होत्या, मॅडम स्वतः एकीच्या गुडघ्याला बर्फ लावत बसलेल्या. मॅच असली की लेक्चर बुडतं त्याचं काय, शेवटची एसटी साडेसातला त्याचं काय, सगळं विचारलं, त्यांनी न कंटाळता सांगितलं. उद्या आईला घेऊन तिथलाच फॉर्म भरणार.