तुम्ही विचारलंत म्हणून: निर्वाण मेल्यावर मिळतं का?

कोल्हापुरात बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे, त्यांच्या हयातीतच, १९५० साली उभारलेला. तिथून जवळच माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात निघालो की कुणीतरी विचारतंच, "काका, तुमच्यात निर्वाण म्हणतात ते मेल्यावरच मिळतं न्हवं?"

नाही. निर्वाण आणि महापरिनिर्वाण यांत गल्लत होते. बुद्धगयेला बोधी मिळाली, म्हणजे निर्वाण गाठलं, तेव्हा भगवान बुद्ध ३५ वर्षांचे होते. पुढची ४५ वर्षं ते गावोगाव चालले, भिक्षेला गेले, आजारी पडले, शिकवत राहिले. कुशीनगरला देह ठेवला, ते महापरिनिर्वाण. मुक्त झालेला माणूस इतकी वर्षं लोकांतच वावरला, याचं मला फार अप्रूप आहे. निर्वाण म्हणजे विझणं. लोभ, द्वेष, मोह या आगी विझणं.

मग पुढचा प्रश्न येतो: वाट माहीत आहे, तर सगळे पोचत का नाहीत? श्रावस्तीत मोग्गल्लान नावाच्या गणक ब्राह्मणानं बुद्धांना हेच विचारलं होतं. बुद्धांनी त्यालाच विचारलं, तुला राजगृहाची वाट ठाऊक आहे; तू नीट सांगूनही एखादा भलतीकडे गेला, तर? तो म्हणाला, मी काय करणार, मी वाट सांगणारा. बुद्ध म्हणाले, मीही वाट सांगणाराच.

दुकानात बसून मी रोज पाहुण्यांना अंबाबाईच्या देवळाची वाट सांगतो, म्हणून हे सुत्त, म्हणजे बुद्धांचा हा उपदेश, मला आपलं वाटतं. चालायचं ज्याचं त्यानंच.

आणि ही वाट म्हणजे अष्टांगिक मार्ग. त्याची आठ अंगं म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत, एक संपली की दुसरी. ती बरोबरच चालतात. मला जड गेली ती सम्यक वाचा, म्हणजे नीट बोलणं. थोरल्या भावाशी शेताच्या बांधावरून नऊ वर्षं अबोला होता. आनापानाला, म्हणजे श्वासाच्या ध्यानाला, डोळे मिटून बसायचो, नाकाशी श्वास बघायचा सोडून मनात दादाशीच भांडायचो. बांध त्याच्यापेक्षा मलाच जास्त जाळत होता, हे तिथं बसूनच दिसलं. शेवटी वहिनींना फोन केला.

परवा दादा दुकानात आला. चहा झाला. बांधाचा विषय निघालाच. माझा आवाज चढला, आणि तो चढतोय हे मला वाक्य संपायच्या आत कळलं. पूर्वी कळायला महिने जायचे.