बारावे प्रकरण

माझ्या आत्मकथनाच्या अनुक्रमणिकेत 11 नंतर एकदम 13 येते, आणि पुस्तक वाचलेला जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो की बारावे प्रकरण कोणाच्या दबावामुळे काढले. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदाच नीट सांगते. दबाव कोणाचाही नव्हता आणि छपाईतली चूकही नव्हती. प्रकरण मी काढले. क्रमांक मात्र तसाच राहू दिला, कारण तिथे कधी काही नव्हतेच असे भासवणे माझ्याने झाले नसते.

माझ्या मोठ्या भावाने कार्यालयातल्या एका चौकशीत दिलेल्या खोट्या साक्षीची हकीकत त्या प्रकरणात होती. त्या साक्षीमुळे त्याच्या सहकाऱ्याची नोकरी गेली आणि दादाची टिकली. छापायला देण्यापूर्वी मी हस्तलिखित त्याच्या हाती दिले. परवानगी मागितली नव्हती. तो भांडेल हे धरून मी उत्तरेसुद्धा तयार ठेवली होती. तीन दिवसांनी त्याने गठ्ठा काही न बोलता परत केला. रात्री मी एकेक पान उलटून पाहिले, तर त्या 22 पानांत पेन्सिलीची खूण एकाच ठिकाणी होती. मी लिहिलेल्या ‘मंगळवारी’ या शब्दावर बारीक रेघ मारून त्याने वर ‘बुधवारी’ असे लिहिले होते, तेही शाळेत घोटवून घेतलेल्या त्याच्या वळणदार अक्षरात. खोटे बोललेल्या दिवसाचा वार इतक्या वर्षांनंतरही त्याला पाठ होता. ते पान हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले, आणि ज्या रागाच्या जोरावर ते सगळे लिहून झाले होते तो राग मला पुन्हा सापडेना. सकाळी मी ती पाने वेगळी काढली.

याला माया म्हणा, भित्रेपणा म्हणा; दोन्हींत तथ्य आहे. ऐन उमेदीत मी एका भाषणात ठासून म्हटले होते की सरकारी कात्रीपेक्षा लेखकाच्या स्वतःच्या हातातली कात्री अधिक वाईट. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रशियन कवयित्री अख्मातोवा होती. स्टालिनच्या राजवटीत ‘रेक्विएम’मधल्या ओळी ती कागदाच्या कपट्यावर लिहून विश्वासातल्या मैत्रिणीपुढे ठेवत असे, आणि मैत्रिणीने त्या पाठ केल्या की कपटा जाळून टाकत असे, तिच्या देशात ती कविता पूर्ण छापली गेली ती 1987 साली, तिच्या मृत्यूनंतर 21 वर्षांनी. तुझ्यावर तर कसलेच बंधन नव्हते, असे भाषणातली ती मी आज मला सुनावते. तिला मी सांगते की अख्मातोवा ज्यांच्याविरुद्ध लिहीत होती त्यांच्या हाती तुरुंग होते, दादाच्या हाती पेन्सिल होती. पण हे उत्तर मलाच पुरे पडत नाही, कारण ज्याची नोकरी गेली त्याच्या बाजूने लिहू शकणारी मी एकटीच होते, आणि माझ्या मायेची किंमत पुन्हा त्यानेच मोजली.

गेल्या महिन्यात दादाने आपणहून विषय काढला. “बारावं का नाही छापलंस? मी वार दुरुस्त करून दिला होता ना?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते सध्या माझ्यासमोर पडली आहेत, आणि अनुक्रमणिकेला मी अजून हात लावलेला नाही.