इंगिह म्हणजे हो नव्हे

म्बाह, म्हणजे त्या घरच्या आजी, तिसऱ्यांदा "इंगिह" म्हणाल्या आणि मी भाषांतर करायची थांबले.

दुभाषानं थांबायचं नसतं. समोरचा जे बोलला ते दुसऱ्याच्या भाषेत ठेवायचं, पदरचं काही घालायचं नाही. इंडोनेशियात, योग्याकार्तात राहून इतकी वर्षं मी हेच करत आले. त्या सकाळी ते जमेना.

पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. मी त्यांना काका म्हणते. जावातल्या एखाद्या खेड्यात जुनं लाकडी घर घ्यायचं, वर्षातले चार महिने स्वतः राहायचं, एरवी पाहुण्यांना द्यायचं, अशी त्यांची इच्छा होती. हौस खरी होती, पैसा कष्टाचा होता. योग्याकार्ताहून सोलोला जाणारी विजेची लोकल 2021पासून सुरू झाली आहे, तिकीट 8,000 रुपियाह. तिनं आम्ही क्लातेन जिल्ह्यातल्या स्रोवोटला उतरलो. तिथं दलाल गाडी घेऊन उभाच होता. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी स्वच्छ दिसत होता, खाली सगळीकडे कापणीला आलेला भात.

गावाच्या तोंडाशी पाटी होती: पाहुण्यांनी 24 तासांच्या आत वर्दी द्यावी. ही वर्दी पोलिसांना द्यायची नसते, त्या आळीच्या प्रमुखाला द्यायची असते. त्याला सगळे 'पाक एर्ते' म्हणतात. काका म्हणाले, "मुक्कामाला आलं की आधी हे करायचं?" मी म्हटलं, आधी हेच. परवानगीपेक्षा ओळख करून देणं जास्त असतं त्यात. प्रत्येक ओसरीच्या खांबाला एक छोटा डबा टांगलेला होता. रात्री त्यात मूठभर तांदूळ किंवा नाणं टाकायचं. रात्रीच्या गस्तीची माणसं ते गोळा करतात आणि त्यातून आळीचे दिवे, मयताच्या घरी लागणाऱ्या खुर्च्या, असलं काय काय येतं. याला जिम्पितान म्हणतात. खेड्यात घर घेतलं की हा डबाही आपला होतो, हे मी काकांना तेव्हाच सांगितलं.

घर लिमासान होतं. चौपाखी कौलारू छप्पर, सागाचे खांब, जोडकामाला खिळा नाही. 27 मे 2006च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा या पट्ट्यात विटांची घरं माणसांवर कोसळली. बांतुल आणि क्लातेन मिळून पाच हजारांहून जास्त माणसं गेली. हे घर हललं आणि उभं राहिलं. आत मागच्या बाजूला तीन खोल्या, सेंथोंग. मधली देवी श्रीची, म्हणजे भाताच्या देवीची. तिच्या चौकटीला भाताच्या लोंब्यांची एक जुनी जुडी बांधलेली होती, धुरानं काळी पडलेली. काकांनी नकळत हात जोडले. म्बाहनी ते पाहिलं.

चटईवर बसलो. मोगऱ्याच्या वासाचा, साखरेनं जड झालेला चहा आला. यजमानानं "मोंगो", म्हणजे घ्या, म्हटल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, हे काकांना गाडीतच सांगून ठेवलं होतं.

दलाल क्रोमोत बोलत होता. जावी भाषेत मानाची बोली वेगळी, घरगुती न्गोको वेगळी. क्रोमोमध्ये इंगिह म्हणजे हो. पण ते ऐकल्याचं हो असतं, समोरच्याचा मान राखल्याचं हो असतं. पाहुण्याच्या तोंडावर "म्बोतेन" म्हणजे नाही म्हणणं तिथल्या म्हाताऱ्या माणसाच्या जिभेवरच येत नाही. जावी लोकच म्हणतात, इंगिह इंगिह म्बोतेन कपांगिह: हो हो म्हणतो आणि मग सापडत नाही.

"म्बाह, मुलांचं ठरलंय ना?" इंगिह. "किंमत बरी आहे ना?" इंगिह. "पुढच्या महिन्यात मोकळं करून द्याल?" इंगिह. तिसऱ्या वेळी त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि बघत होत्या त्या लोंब्यांच्या जुडीकडे.

मला आमचं घर आठवलं. वाटणीच्या वेळी आत्यांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. मी दाराशी उभी होते. आत्याही "हो" म्हणाल्या होत्या, तिघीही. ते हो कसलं होतं हे कळायला मला पुढे वीस वर्षं लागली.

मी काकांना मराठीत म्हटलं, "काका, शब्द हो आहे. पण त्यांची संमती आहे असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

दलालाला मराठी येत नव्हतं, पण चेहऱ्यावरून त्यानं ओळखलं. काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "विचार त्यांना, घरात धाकटं कोण?"

फार नेमका प्रश्न होता. जावात वाटणीच्या दोन रीती ऐकायला मिळतात. सपिकुल सगेंदोंगान, म्हणजे मुलाला कावडीचं ओझं आणि मुलीला कडेवरचं, दोनास एक. किंवा सिगार समोंगको, कलिंगड कापावं तसं सारखं. पण राहतं घर पुष्कळदा धाकट्याकडे जातं, रागिलकडे, कारण आईबापांचं तोच करतो. म्बाहची रागिल मुलगी तैवानमध्ये होती, कुणा दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईची सेवा करायला. मोठे दोघे बकासीत कारखान्यात.

मी विचारलं आणि म्बाह पहिल्यांदा नीट बोलल्या. फरशी तिच्या पैशांची आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. त्यांनी कमरेचा फोन काढून शेजारच्या पोराकडे दिला, त्यानं लावून दिला. पडद्यावर मुलगी आली. आई, घरात कोण बसलंय? म्बाह म्हणाल्या, "तामू, न्दुक." पाहुणे आहेत, बाळ.

पुढचं काम सोपं होतं, कारण काकांनी ते सोपं केलं. घर घ्यायचा विषय त्यांनी तिथंच थांबवला. तरी ग्रामकार्यालयात जाऊ या म्हणाले, कागद बघू या. चारिक, म्हणजे तिथला ग्रामसचिव, यानं 'लेतर चे'चं जाड पुस्तक उघडलं. जागा अजून म्बाहच्या सासऱ्यांच्या नावावर. सासरे गेले, नवरा गेला, सनद कधी काढलीच नाही. ही नोंद मुळात करआकारणीची, मालकीचा पुरावा नव्हे. आपल्या सातबाऱ्यासारखंच. सगळ्या वारसांच्या सह्या लागणार, त्यात दिरांची मुलंही आली.

आणि ते सगळं जुळलं असतं तरी काकांच्या नावावर काही झालं नसतं. 1960च्या जमीन कायद्यानं हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी हक्क, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला मुदतीचा वापरहक्क मिळू शकतो, तोही सरकारनं ठरवलेल्या किमान किमतीच्या वरच्या घरावर, आणि खेड्यातलं घर त्या किमतीच्या आसपासही नसतं. दलालाचा तोडगा होता की कुणा गाववाल्याच्या नावावर घ्या, सगळे घेतात. त्याच कायद्याचं 26वं कलम सांगतं की असा व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा होते, दिलेले पैसे मागता येत नाहीत. हे मी गाडीतही सांगितलं होतं. चारिकनं तेच सांगितल्यावर दलाल उठून गेला.

काका बाकावर बसून राहिले. वाईट मलाही वाटत होतं. "भाड्यानं?" त्यांनी विचारलं. भाड्यानं राहता येतं, आणि मला विचाराल तर खेड्यात यायचा तोच सरळ रस्ता आहे. पाक एर्तेकडे वर्दी द्यावी, डब्यात तांदूळ टाकावेत, जेवणावळीचं बोलावणं आलं की चटईवर जाऊन बसावं. पण ते या घरात नाही, म्बाहना विचारून कुठं दुसरीकडे.

निरोप घ्यायला परत गेलो. म्बाहनी केळ्यांचा फणा आणि पानात बांधलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, काकांच्या हातात दिलं आणि काही बोलल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "या म्हणतायत," मी म्हटलं. "पण हे खरं की तुझं ते इंगिह?" त्यांनी विचारलं.

रस्त्यावरून जाणाऱ्यालाही "मांपिर", या ना, म्हणायची तिथं रीत आहे, आणि त्यावर कुणी आत येत नाही. म्हणून मी म्बाहना परत विचारलं. त्यांनी बोटांवर जावी बाजाराच्या पाच दिवसांच्या आठवड्याचे वार मोजले, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन, आणि सांगितलं: येत्या रविवारी लेगी आहे, कापणीचा पहिला नैवेद्य त्या दिवशी, सकाळी लवकर या.

"रविवारी बोलावलंय," मी काकांना सांगितलं. "सकाळी लवकर."