ग्रीकची नोंद: आओरिस्टची गाठ सुटली, 'नकोस'ची बसली

मंडळी, आओरिस्टची गाठ सुटली! सगळी नाही, पण मोठी सुटली. उरलेली कुठे अडलीय ते खाली येतंच.

ग्रीसमध्ये, थेस्सालोनिकीत आल्यापासूनच्या माझ्या नोंदी वाचणाऱ्यांना 'आओरिस्ट' म्हटलं की माझी रड आठवेल. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: ग्रीकमध्ये बहुतेक क्रियापदांना दोन धातू. लिहिणे म्हणजे 'ग्राफो', आणि त्याचाच दुसरा धातू 'ग्राप्सो'. पहिला तो साधा, दुसरा तो आओरिस्ट. 'मी लिहीन' हे 'था ग्राफो' असंही म्हणता येतं आणि 'था ग्राप्सो' असंही. दोन्ही बरोबर, दोन्हींचा अर्थ वेगळा. (ग्रीक नेहमीप्रमाणे देवनागरीत, उच्चार मोघम. तो 'थ' आपला थ नव्हे, जीभ दातांत धरून काढायचा.)

रूपांचं मला कधीच भय वाटलं नाही. फ, प, व यांचा 'प्स' होतो, क, ग, ख यांचा 'क्स', 'आझो'चं बहुधा 'आसो'. मग अनियमित टोळी: व्लेपो–दो (बघणे), लेओ–पो (सांगणे), त्रोओ–फाओ (खाणे). यात चिडण्यासारखं काही नाही. आपण 'जातो'चं 'गेला' आणि 'येतो'चं 'आला' करतोच की. फक्त ग्रीक माणूस तो 'गेल' घेऊन भविष्यकाळात आणि 'जाऊ का?'मध्येही घुसतो. रूपं आंकीत (पाठांतराच्या कार्डांच्या ॲपमध्ये) घातली, घोटली, पाठ झाली. प्रश्न होता तो यातलं कुठलं कधी तोंडातून काढायचं याचा.

पुस्तकी नियम सगळ्यांना माहीत आहे: एकदाच आणि पुरती होणारी क्रिया असेल तर आओरिस्ट, चालू राहणारी किंवा वारंवार होणारी असेल तर साधा धातू. वाचताना पटतं. पण आपलं काम एकदाचं की वारंवारचं हे मनात ठरेपर्यंत समोरचा दुकानदार इंग्रजीवर घसरलेला असतो. वर्गातल्या सर्बियन आणि बल्गेरियन मुलांना याचं काहीच वाटत नाही, त्यांच्या भाषांत हे जन्मापासून आहे. माझं सगळं साहित्य इंग्रजीतून. आणि इंग्रजीत दोन्हींना एकच 'आय विल राइट', त्यामुळे भाषांतराचा रकाना बघून काही म्हणता काही कळत नव्हतं.

तर मध्यंतरी वर्दारिस सुटला होता. उत्तरेकडून नदीच्या खोऱ्यातून येणारा इथला कुप्रसिद्ध वारा. आनो पोलीच्या, म्हणजे शहराच्या वरच्या भागाच्या, चढावरून घरी येताना तो थेट कानात शिरतो. मी दोन दिवस तापाने आडवी. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई कोंबडीचं लिंबू-अंडं घातलेलं सूप घेऊन आल्या, माझी उशाशी ठेवलेली रिकामी बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली, आणि बोट नाचवत म्हणाल्या, "ना पीनिस नेरो!" मग नळावरून ग्लास भरून आणला, माझ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, "प्येस तोरा."

पाणी पीत जा. आता पी.

ताप उतरायच्या आत मी वही ओढली. 'पीत जा' आणि 'पी'. हा फरक आपण दिवसभर करतो! 'फोन करत जा' आणि 'फोन कर'. आई पहिलं म्हणते तेव्हा तक्रार असते, दुसरं म्हणते तेव्हा काम असतं. ग्रीकमध्ये अनुक्रमे 'ना मे पेर्निस' आणि 'ना मे पारिस'. अगदी जसंच्या तसं.

भूतकाळातही बसतं. 'आजी गोष्टी सांगायची' हे 'एलेगे', 'आजीने सांगितलं' हे 'इपे'. फ्रेंचवाले म्हणतील, हे तर आमचं एंपारफे (चालू किंवा सवयीचा भूतकाळ). हो, पण तुम्ही ते फक्त भूतकाळात करता. ग्रीक माणूस ते भविष्यात, आज्ञेत, 'ना'च्या ('करावं', 'करू का?' अशा अर्थाच्या) प्रत्येक वाक्यात करतो. आणि '-त जा' सुद्धा तिन्ही ठिकाणी फिरतो: करत जाईन, करत जा, करत जावं. म्हणून ही माझी '-त जा' चाचणी. मराठी वाक्यात '-त जा' किंवा '-त राहा' घालून बघा. कानाला चाललं तर साधा धातू, खटकलं तर आओरिस्ट.

लगेच कापानीच्या बाजारात प्रयोग केला. ऑलिव्हच्या पिंपांसमोर उभी राहिले. चाखून बघू? 'चाखत जाऊ?' हास्यास्पद. म्हणजे आओरिस्ट: "ना दोकिमासो?" दुकानदाराने चिमट्याने एक सुरकुतलेला काळा ऑलिव्ह हातावर ठेवला आणि पुढचा प्रश्न ग्रीकमध्येच विचारला. इंग्रजीवर घसरला नाही! हे काय सुख आहे ते तुम्हालाच कळेल. पाव किलोचे पैसे मी आनंदाने दिले.

बाजारातला आणखी एक बोनस. वर्गात 'तुला सांगते'ला 'सु लेओ' शिकवतात. कापानीत मात्र 'से लेओ' ऐकू येतं, कारण उत्तरेकडचे लोक षष्ठीऐवजी द्वितीया वापरतात. अथेन्सवाले यावरून यांची थट्टा करतात. मला मात्र हे फार सोयीचं: तुला बघते, तुला सांगते, दोन्हीकडे एकच 'ला'. परीक्षेत 'सु', बाजारात 'से', असं ठरवून टाकलंय.

आता चाचणीला गेलेले तडे. 'मला पोहता येतं'मध्ये 'ता' आहे आणि ग्रीकमध्येही तिथे साधा धातू येतो, छान. पण 'वाचायला आवडतं' आणि 'लिहायला लागले' यांत '-त' कुठेच नाही, तरी आवडण्यामागे आणि सुरू करण्यामागे साधाच हवा. उलट 'प्रिन'नंतर, म्हणजे '-ण्याआधी'च्या अर्थी, डोळे मिटून आओरिस्ट. ही चारदोन प्रकरणं पाठ करून भागेल.

खरी पंचाईत नकारात आहे. मराठीत 'करू नकोस' एकच. 'करत जाऊ नकोस' व्याकरणात बसतं, पण रोज कोण म्हणतं? ग्रीक मात्र इथेही दोन वाटा ठेवतो. ओरडू नकोस: 'मी फोनाझिस', साधा. विसरू नकोस: 'मीन क्सेखासिस', आओरिस्ट. माझी चाचणी दोन्हींना 'चालेल' म्हणते आणि गप्प बसते. ओरडणं चालू आहे, ते थांबव. विसरणं अजून झालेलं नाही, ते होऊ देऊ नकोस, असा तर्क लावला. मग 'काळजी करू नका' साधा, ठीक, कारण समोरचा आधीच काळजी करतोय. पण संग्रहालयातलं 'हात लावू नका'? मी कुठे हात लावलाय? तरी पाटीवर 'मीन आंगीझेते', साधाच. 'धूम्रपान करू नका' तसंच. सर्वांना, सर्वकाळ लागू असलेला नियम म्हणून असेल.

हे लिहितानाच डोक्यात आलं की पाट्याच गोळा कराव्यात! या वेळी नकारार्थी क्रियापदांचा नवा आंकी डेक करायचं ठरवलं होतं, ते रद्द. त्याऐवजी एग्नातिया रस्त्यावरून कामाराच्या कमानीपर्यंत चालत जायचं आणि दिसेल त्या पाटीचा फोटो काढायचा. दारं तर सोन्याची खाण आहेत: 'ओथीसाते' म्हणजे ढकला, 'एल्क्साते' म्हणजे ओढा. ही काथारेवुसातली, जुन्या वळणाची रूपं. ती भाषा 1976 साली सरकारी कारभारातून गेली, पण बँकांच्या दारांवरून हललेली नाही. आणि दोन्ही आओरिस्टच. दार एकदाच ढकलायचं असतं ना.

साधनांबद्दल दोन शब्द. सगळ्यांच्या मोबाइलवर असलेलं ते ॲप (नाव घेत नाही) तुम्हाला वर्तमानकाळातच इतकं फिरवतं की 'हत्ती सफरचंद खातो' अस्खलित येतं आणि 'एक कॉफी घेईन' येत नाही. ते सोडा. ग्रीक भाषा केंद्राच्या पोर्टलवरचा कोश फुकट आहे आणि अनियमित क्रियापदाच्या नोंदीत आओरिस्टचं रूप सुरुवातीलाच देतो. व्याख्या ग्रीकमध्ये आहेत म्हणून घाबरू नका, पहिली ओळ बघितली तरी काम होतं.

परीक्षा मेमध्ये, त्याच केंद्राची एलिनोमाथिया. ए२ पातळी देणार होते. आता त्याच्या वरच्या बी१ चा फॉर्म भरतेय.

रशियनवाल्यांनो, आता तुमच्याकडे काम आहे. तुमच्यात नकारी आज्ञेला कुठला आस्पेक्ट (पुरती क्रिया की चालू, हा भेद) आणि 'विसरू नकोस', 'पडू नकोस' अशा इशाऱ्यांना कुठला, ते उदाहरणांसकट सांगा. ग्रीकशी जुळलं तर माझी एक वही वाचेल.