गँगाँ: सात हजारांच्या गावात सामना पाहायला जाणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं गँगाँ हे जेमतेम सात हजार वस्तीचं गाव. त्यातलं रुदुरू स्टेडियम मात्र अठरा हजारांचं. सामन्याच्या दिवशी कोत-दार्मोर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून गाड्या भरभरून माणसं येतात. आनाव्हाँ द गँगाँ हा इथला फुटबॉल क्लब वर चढला तो याच लोकांच्या जोरावर, आणि बाहेरून येणाऱ्याला खोली न मिळण्याचं कारणही हेच लोक. त्यामुळे तिकिटाआधी मुक्कामाचं बघा.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून ब्रेस्टकडे जाणारी तेजेव्हे, म्हणजे अतिवेगवान रेल्वे, घ्यायची. रेन आणि सँ-ब्रिय ही स्थानकं मागे टाकत तीनेक तासांत गँगाँ येतं. सगळ्याच गाड्या इथे थांबत नाहीत, तेव्हा थांबा तपासूनच आरक्षण करा. घोटाळा होतो तो तारखेचा. हंगामाचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं, पण त्यात फक्त आठवडा ठरलेला असतो. सामना शुक्रवारी, शनिवारी की सोमवारी, हे टीव्हीवाल्यांच्या सोयीने काही आठवडे आधी ठरतं. स्वस्त म्हणून न बदलता येणारं रेल्वे तिकीट आधीच काढलं तर ते वाया जाण्याची शक्यता बरीच. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे कागद आधी द्यावे लागतात. तिथे रद्द करता येणारं बुकिंगच वापरा.

लीग 2, म्हणजे फ्रान्समधल्या दुसऱ्या श्रेणीचा सामना रात्री आठला सुरू झाला तर दहाच्या सुमारास सुटतो. त्यानंतर पॅरिसला परतणारी गाडी मिळेल हे डोक्यातून काढून टाका. गँगाँत खोली नसेल तर सँ-ब्रियला राहा. अंतर तीसेक किलोमीटर आहे, पण तिथे जाणारी शेवटची लोकल सामना सुटण्याआधीच निघून जाऊ शकते. म्हणून सँ-ब्रियला राहणाऱ्यांनी रेनहून गाडी भाड्याने घेतलेली बरी. एन-12 हा चौपदरी रस्ता थेट येतो आणि ब्रिटनीत टोल नाही. गाडी स्टेडियमला अगदी खेटून लावली तर सामन्यानंतर अर्धा तास तिथून हलत नाही. जरा लांब लावून चालत जा.

स्थानकापासून स्टेडियम चालत अर्ध्या तासाच्या आत येतं. वाटेत बाझिलिका, म्हणजे गावातलं मोठं चर्च, पाहायला थोडा वेळ काढाच. 1535 मध्ये तिचा दक्षिणेकडचा मनोरा कोसळला आणि तो भाग पुन्हा बांधताना रेनेसाँ शैली आली; त्यामुळे एकाच इमारतीची एक बाजू गॉथिक, तर दुसरी वेगळीच. चौकातलं प्लोमे कारंजंही जवळच आहे.

खाण्याचं गणित चुकतं ते वेळेमुळे. क्रेपरी, म्हणजे धिरड्यांच्या खाणावळी, संध्याकाळी सातच्या आसपास उघडतात आणि सामना सुटेपर्यंत चूल बंद झालेली असते. दुपारी पोटभर जेवून घ्या. स्टेडियमबाहेर मिळणारी गालेत-सोसिस म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यात गुंडाळलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज. न खाणाऱ्यांनी दुपारी क्रेपरीत अंडं-चीजची गालेत मागावी आणि 'साँ जाँबाँ', म्हणजे हॅमशिवाय, हे आवर्जून सांगावं. ठरलेल्या 'कोंप्लेत'मध्ये हॅम असतंच.

स्टेडियममध्ये मोठी बॅग नेऊ देत नाहीत आणि एवढ्याशा स्थानकावर लॉकरची भिस्त ठेवू नये. सामान खोलीवरच ठेवून या. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट कामाचा. पाऊस आडवा येतो आणि मागच्यांना दिसायलाही हवं. गाणी ऐकायची असतील तर कोप रूज या समर्थक गटाच्या जवळची जागा घ्या, पण तिथे पूर्ण वेळ उभं राहावं लागतं. खेळ नीट पाहायचा असेल तर लांब बाजूची बसायची जागा बरी.

जाण्याआधी क्लबचा इतिहास थोडा माहीत असला तर गर्दी कशावर ओरडते ते कळतं. 1912 मध्ये स्थापन झालेला आनाव्हाँ द गँगाँ साठ वर्षं स्थानिक पातळीवरच होता. 1972 मध्ये नोएल ल ग्राएत अध्यक्ष झाले आणि 1977 मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत पोचला. 1990 मध्ये रुदुरू उभं राहिलं. 1993 मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरलेला संघ प्रशिक्षक फ्रान्सिस स्मेरेकी यांच्या हाताखाली लागोपाठ दोनदा बढती मिळवून 1995 मध्ये पहिल्या श्रेणीत आला. त्याच वर्षी ल ग्राएत गावचे महापौरही झाले. पुढे ते फ्रेंच फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते.

धोरण साधं होतं: दुसरीकडे न चमकलेला खेळाडू घ्यायचा, घडवायचा, विकायचा. ले माँकडून आलेल्या दिदिए ड्रोग्बाने 2002-03 मध्ये लीगमध्ये 17 गोल केले, संघ सातवा आला, आणि लगेच मार्सेयने त्याला नेलं. फ्लोराँ मालुदाही त्याच संघात होता. अशा धंद्यात चांगला हंगाम संपला की संघ रिकामा होतो. 2004 मध्ये क्लब खाली गेला तो त्यामुळेच, असं आमचं मत.

चढण सरळ नव्हतीच. 9 मे 2009 रोजी दुसऱ्या श्रेणीत असताना गँगाँने फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात शेजारच्या रेनला 2-1 हरवलं. आधी रेनने गोल केला होता. मग एदुआर्दोने दोन मारले. पुढच्याच वर्षी हाच संघ तिसऱ्या श्रेणीत! तिथून प्रशिक्षक जोसलँ गुर्व्हेनेक यांनी 2011 मध्ये दुसऱ्या आणि 2013 मध्ये पहिल्या श्रेणीत नेलं. 2014 चा चषक पुन्हा रेनलाच हरवून जिंकला, या वेळी 2-0. त्या हंगामानंतर युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत गटातून पुढे जाऊन फेब्रुवारी 2015 मध्ये रुदुरूवर दिनामो कीव्हला 2-1 नमवलं, पण परतीच्या सामन्यात 3-1 हरून स्पर्धा संपली. 2019 मध्ये संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आला.

त्या दोन अंतिम सामन्यांमुळे रेनचं नाव काढताना जरा जपून. ब्रिटनीतल्या दुसऱ्या क्लबशी सामना असेल तर पाहुण्या समर्थकांवर जिल्हा प्रशासन कधीकधी निर्बंध घालतं. अशा दिवशी पाहुण्या संघाच्या रंगाचे कपडे टाळा. लाल-काळा मफलर गळ्यात असला की बोलायला कुणीही तयार होतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर पँपोलची छोटी रेल्वे पकडा. ती त्रिय नदीच्या काठाने समुद्रापर्यंत जाते. रविवार असेल तर मात्र आदल्या रात्रीच वेळापत्रक बघा, गाड्या मोजक्याच असतात.