एकदा बघून काढता येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि या वेळी पूर्ण सांगते.

प्रश्न ठरलेला असतो. मी चित्रं काढते हे माहीत असतं, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे हेही माहीत असतं, आणि दोन्ही एकत्र झालं की समोरच्याचे डोळे लकाकतात. "म्हणजे तुम्हालाही एकदा बघून सगळं काढता येतं? त्या लंडनच्या मुलासारखं?" तो मुलगा 1974 साली जन्मलाय, पन्नाशी ओलांडून गेलाय. पण आमच्यातलं कुणी मोठंही होतं, हे बहुतेकांच्या गावीच नसतं. असो.

नाही. मला येत नाही. एकदा बघून मला स्वतःच्या चपलाही काढता येत नाहीत. कागदावर, म्हणते मी. मी जिने काढते. जुने, वळणाचे, लाकडी कठड्यांचे जिने, काळ्या शाईने. एका जिन्याला तीन ते पाच आठवडे लागतात. पायऱ्यांवर बसते, फोटो घेते, दोरा ताणून अंतरं मोजते, पेन्सिलीने काढते, चुकते, खोडते. माझ्या टेबलाखाली खोडरबराचा इतका चुरा साठतो की दादा म्हणतो, तू चित्रं काढतेस की रबर झिजवतेस?

तो लंडनचा मुलगा म्हणजे स्टीव्हन विल्टशर, स्वमग्न चित्रकार. त्याचं काम मला आवडतं हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं मत्सर आहे. (थोडा आहे.) 2005 मध्ये हेलिकॉप्टरमधून एक छोटी फेरी मारून त्याने सात दिवसांत दहा मीटर लांबीच्या कॅनव्हासवर अख्खं टोकियो आठवणीतून उतरवलं. 2009 मध्ये न्यूयॉर्कला वीस मिनिटांचं उड्डाण पुरलं. यात काही बनाव नाही. पण तो लहानपणापासून काढतोय, काढतच आलाय, पुढे लंडनच्या कलाशाळेत रीतसर शिकलाय, हे कुणी सांगत नाही. सांगतात ते हेलिकॉप्टर. आणि दुसरी एक गोष्ट सांगतात, तीही अगदी कौतुकाने: तो बोलत नव्हता, म्हणून शाळेत त्याचं चित्रांचं सामान काही काळ काढून घेतलं, त्याने मागावं म्हणून, आणि मग तो पहिला शब्द बोलला, 'पेपर'. ऐकणारे "वा!" म्हणतात. माझ्या पोटात गोळा येतो. माझी वही कुणी अशी काढून घेतली असती तर मी कोणता शब्द बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मुद्द्याचं. वर 'मला येत नाही' असं मी ठणकावून लिहिलंय. पण एकदा मी 'येतं' असं दाखवलेलं आहे. भर सभेत. त्याची चित्रफीत आहे, आणि तुमच्यापैकी निम्म्यांनी ती बघूनच हा प्रश्न विचारलाय.

माझं पहिलं प्रदर्शन निदानाच्या आधीचं. भिंतीवर फक्त चित्रं, नाव, माध्यम, माप. आठ दिवसांत तीन चित्रं गेली, त्यातलं एक मावसभावाने घेतलं. काम बोलेल, असं मी तेव्हा म्हणायचे. काम बोललं नाही. दुसरं प्रदर्शन निदानानंतर चार वर्षांनी. या वेळी गॅलरीच्या संचालकांनी सुचवलं की माहितीच्या कार्डावर 'ते' लिहावं. मला राग आला, मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते वाक्य मीच लिहून पाठवलं: 'वयाच्या छत्तिसाव्या वर्षी स्वमग्नतेचं निदान झालेली चित्रकार.' कुणी जबरदस्ती केली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मी बरीच वर्षं 'त्यांनी लिहिलं' असंच सांगत होते.

उद्घाटनाच्या आधीचे दोन दिवस मी त्या दालनात जाऊन बसले. अनोळखी जागेत माणसं भरली की मला काहीच सुधरत नाही, म्हणून जागा आधी ओळखीची करून घ्यावी लागते: आवाज कुठे घुमतो, मागचं दार कुठे, कोणता दिवा गुणगुणतो. बसल्या बसल्या हात रिकामा राहत नाही. वहीत मी छत काढलं, कमानी काढल्या, दिव्यांच्या दोन रांगा काढल्या. डाव्या रांगेत अकरा दिवे, त्यातला चौथा बंद. सहा-सात वेळा तेच काढलं. हात बसला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी साठ-सत्तर माणसं होती. संचालकांनी प्रास्ताविकात माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं आणि त्या एका वाक्याबद्दल दहा मिनिटं बोलून घेतली. मग पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. वाईट माणूस नव्हता. चांगला उत्सुक, हसरा. म्हणाले, "मॅडम, आम्ही ऐकलंय तुम्हा लोकांची स्मरणशक्ती फार असते. तुम्ही या हॉलकडे एक मिनिट बघा आणि मग पाठ फिरवून काढून दाखवा ना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी लगेच मोठा कागद आणला. इतक्या लगेच कसा आणला, हा प्रश्न मला पुढे कित्येक रात्री पडलाय.

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते खरं होतं की नाही याचीही खात्री राहिलेली नाही. मला एवढं आठवतं की 'नाही' म्हटलं तर मागून दहा प्रश्न येणार होते, बोलावं लागणार होतं, आणि काढायला लागले तर बोलावं लागणार नव्हतं. ही माझी सबब आहे. खरीही आहे. पण तिच्या मागे आणखी एक गोष्ट होती: मला तसं व्हायचं होतं. दहा मिनिटांसाठी का होईना, लोकांना वाटत होतं ते मला व्हायचं होतं.

मी एक मिनिट छताकडे बघितलं. बघायची गरज नव्हती, तरी मान वर करून बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून काढायला लागले. बारा मिनिटांत कमानी, दोन्ही रांगा, खिडक्यांचे गज, सगळं. दिवे मोजणाऱ्यांनी मोजले. "अकरा! बरोब्बर अकरा!" टाळ्या थांबेनात. त्या संध्याकाळी बावीसपैकी सोळा चित्रांखाली लाल टिकल्या लागल्या, म्हणजे ती विकली गेली.

गर्दी पांगल्यावर एक बाई आल्या. बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा, कानांवर आवाज रोखणारे हेडफोन. त्या माझ्याशी बोलत होत्या, मी त्यांच्या पर्सच्या चेनकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "ताई, याच्यातही असं काहीतरी असेल ना? आम्हाला अजून सापडलं नाहीये. कुठे शोधायचं?"

मला तेव्हा ठाऊक होतं काय सांगायला हवं ते. स्वमग्न मुलांपैकी किती जणांत असं काही विलक्षण असतं, याचा मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1978 मध्ये पालकांनी दिलेल्या माहितीवरून काढलेला आकडा दहात साधारण एकाचा आहे. म्हणजे दहातल्या नऊ घरांत शोधून काही सापडणार नाही, आणि त्या नऊ मुलांचं काही चुकलेलं नसतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची नादिया ही स्वमग्न मुलगी तीन-चार वर्षांची असताना बॉलपेनने असे घोडे काढायची की लॉर्ना सेल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1977 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. ती थोडंफार बोलायला लागली आणि चित्रं आटत गेली. मोठेपणी ती काढत नव्हती. तिचं आयुष्य वाया गेलं असं कुणी म्हणत असेल तर म्हणो. हे सगळं मला पाठ होतं. मी म्हटलं, "शोधत राहा."

मुलगा इकडे माझ्या ताज्या चित्रापाशी उभा होता. त्याने डाव्या रांगेतल्या चौथ्या दिव्यावर बोट ठेवलं. मी तो सवयीने काळा भरला होता. मग त्याने मान वर करून छताकडे बघितलं. मीही बघितलं. चौथा दिवा लख्ख पेटलेला होता. सकाळीच कुणीतरी बदलला असणार. सत्तर माणसांनी अकरा दिवे मोजले आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आता यातून मी त्या मुलाची 'विलक्षण दृष्टी' वगैरे काढणार नाही, कारण तोच तर उद्योग आहे. कदाचित त्याला काळा ठिपका आवडला असेल. त्याची आई म्हणाली, "हात लावू नकोस, बाळा." मी काहीच म्हणाले नाही.

दादाला सांगितलं तर तो म्हणतो, "तू खोटं कुठे बोललीस? आधी काढलंयस का, असं कुणी विचारलं?" दादा माझे मेल बघतो, फोन घेतो, फ्रेमवाल्याशी भांडतो. त्याच्याशिवाय माझं एकही चित्र घराबाहेर गेलं नसतं, म्हणून त्याचं म्हणणं मी ऐकून घेते. पटत नाही.

हेही बोलायला हवं. नेना कालू यांना 2025चं टर्नर पारितोषिक मिळालं. ब्रिटनमधला एवढा मोठा कलासन्मान, पंचवीस हजार पौंड, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या कलाकाराला तो पहिल्यांदाच मिळाला. त्या स्वमग्न आहेत, फार थोडं बोलतात. कापड, दोर, व्हिडिओच्या टेपा गुंडाळत गुंडाळत लटकती शिल्पं करतात. बातमी वाचून मला दिवसभर उगाच रडू येत होतं. पण बातमीत जे वाक्य खाली कुठेतरी असतं ते असं की त्या लंडनच्या अ‍ॅक्शनस्पेस या स्टुडिओत 1999 पासून काम करतायत. पंचवीस वर्षांहून जास्त. कुणीतरी तेवढी वर्षं जागा दिली, सामान दिलं, घाई केली नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं क्रिएटिव्ह ग्रोथ हे केंद्र 1974 पासून तेच करतंय. तिथल्या डॅन मिलरची, शब्दांवर शब्द लिहून न वाचता येण्याइतकी दाट झालेली चित्रं न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत. यांच्यापैकी कुणालाच 'एकदा बघून' काही काढायचं नव्हतं. मिलरच्या चित्रात तर बघण्यासारखी वस्तूच नाही.

आणि माझी सर्वात लाडकी चित्रकार, न्यूझीलंडची सुझन टे काहुरांगी किंग. लहानपणीच तिचं बोलणं थांबलं, चित्रं थांबली नाहीत. आणि मग 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तीही थांबली. 2008 मध्ये ती पुन्हा काढायला लागली. मधली वर्षं का थांबली, हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. मला हेवा वाटतो तो याचा. तिला कुणी कार्ड लिहायला लावलं नाही.

म्हणजे माझ्या हाताचा आणि स्वमग्नतेचा काही संबंधच नाही, असं म्हणायचंय का मला? पहिल्या प्रदर्शनाच्या वेळची मी हेच म्हणाली असती, तावातावाने. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला विचारीन: मग कलाशाळेत सरांशी भांडण कशावरून झालं होतं? आधी ढोबळ आकार, मग तपशील, असं ते सांगायचे आणि मला ते आजतागायत जमलेलं नाही. मी एका कोपऱ्यातल्या खिळ्यापासून सुरू करते आणि शेजारचं शेजारी जोडत जाते. स्वमग्नतेचे संशोधक लॉरां मोट्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1993 मध्ये अशाच एका स्वमग्न चित्रकाराचा अभ्यास मांडला होता. तोही आराखडा न करता तुकड्याला तुकडा लावत जायचा. ते वाचताना मानेवर काटा आला. तेव्हा संबंध आहे. किती, ते मला मोजता येत नाही. दोरा तिथे पोचत नाही. पण ज्या मेंदूने मला तो खिळा दाखवला त्यानेच उद्घाटनाला 'नाही' हा शब्द सापडू दिला नाही. तुम्ही पहिल्याला दैवी देणगी म्हणता आणि दुसऱ्याबद्दल विचारत नाही.

त्या सोळा टिकल्यांचं काय, हे मात्र मला विचारू नका. चित्रं चांगली होती. पहिल्या प्रदर्शनातलीही चांगली होती. कार्ड काढून टाकावं म्हणते, आणि घरभाड्याची तारीख आली की ठेवावं म्हणते.

परवा दुसऱ्या एका गॅलरीचं बोलावणं आलंय. तिसरं प्रदर्शन, दालन मोठं. शेवटच्या ओळीत लिहिलंय की उद्घाटनाच्या दिवशी 'ते चित्रफितीतलं प्रात्यक्षिक' व्हावं अशी त्यांची फार इच्छा आहे. दादाने मेल उघडून माझ्यासमोर ठेवलाय आणि तो काही बोलत नाहीये. प्रात्यक्षिकाबद्दल मी अजून कळवलेलं नाही. दालन दोन दिवस आधी बघायला मिळेल का, एवढं मात्र विचारलंय.